उत्स्फूर्ततेचे कर्तृत्व कोणाचे? 'हार्मोनिया' आणि ब्रायन ईनो यांच्या १९७६ मधील ध्वनिमुद्रणाचा विचार

ध्वनिमुद्रित संगीताविषयी लिहिताना 'उत्स्फूर्त' हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. एकदा ते लावले की वादकांनी काय निवडले, काय वगळले आणि ते कोणी ठरवले, हे प्रश्न मागे पडतात. सप्टेंबर १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीतील फॉर्स्ट या खेड्यात झालेले आणि १९९७ मध्ये 'ट्रॅक्स अँड ट्रेसेस' या नावाने प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मिखाएल रोटर, हान्स-योआखिम रोएडेलियुस आणि डीटर म्योबियुस या तिघांचा 'हार्मोनिया' हा गट १९७३ मध्ये आकाराला आला. रोटर 'नॉय!' या गटातून आलेले गिटारवादक होते, तर उरलेले दोघे 'क्लस्टर' या जोडीचे. वेझर नदीकाठच्या जुन्या वास्तूत त्यांचे राहणे आणि वाजवणे एकत्रच चाले. १९७४ आणि १९७५ मध्ये त्यांचे दोन अल्बम निघाले. त्यांना ग्राहक थोडे मिळाले, मात्र ईनो यांच्यासारखा चाहता मिळाला. १९७४ मध्ये हाम्बुर्ग येथील कार्यक्रमात ते या तिघांबरोबर वाजवायलाही बसले होते. दोन वर्षांनी ते फॉर्स्टला आले, तेव्हा गट जवळजवळ विसर्जित झाला होता. पाहुण्यासाठी तिघे पुन्हा एकत्र आले. अकरा दिवसांच्या या मुक्कामानंतर ईनो डेव्हिड बोवी यांच्या 'लो' या अल्बमच्या कामासाठी रवाना झाले.

या अकरा दिवसांत अल्बम काढण्याचा कोणताही करार नव्हता. भाड्याच्या स्टुडिओत तासाचा हिशेब असतो, येथे तो नव्हता. आर्थिक वाटणारी ही बाब वस्तुतः सौंदर्यशास्त्रीय आहे. 'समटाइम्स इन ऑटम' ही सुमारे सोळा मिनिटांची रचना ऐकताना हे लक्षात येते. तीत सुरावट पुढे सरकत नाही, ती साचत जाते. एखादा स्वर येतो, रेंगाळतो आणि दुसऱ्या स्वराखाली हळूहळू बुडतो. कोणता आवाज कोणाचा, हे सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही वाटत नाही. वेळेची टंचाई असलेल्या वादकांनी ही रचना सहाव्या मिनिटाला आवरली असती. संपूर्ण अल्बममध्ये हीच रचना सर्वाधिक यशस्वी मानावी लागेल.

मुद्रणासाठी चार ट्रॅकचे टेपयंत्र वापरले गेले. अशा यंत्रावर आधी वाजवलेले ऐकत त्यावर नवा थर चढवता येतो. बैठकीत गायक आणि तबलजी एकाच क्षणी एकमेकांना प्रतिसाद देतात. थरांच्या मुद्रणात मात्र नंतर वाजवणारा आधीच्याला उत्तर देऊ शकतो, आधीचा नंतरच्याला नाही. म्हणजे संवाद एकतर्फी होतो आणि 'त्या क्षणी सुचलेले' या कल्पनेलाच तडा जातो. त्यातही वादक चार आणि ट्रॅकही चारच, त्यामुळे जागेची काटकसर अपरिहार्य होती. नवे काही घालायचे तर जुन्याचा विचार करावाच लागे. स्टुडिओ हेच रचनेचे साधन होय, ही भूमिका ईनो यांनी १९७९ मधील व्याख्यानात मांडली. तिची तालीम अशा ठिकाणी होत होती, असे म्हणण्यास जागा आहे.

'ल्यूनेबर्ग हीथ' या रचनेत चित्र बदलते. तेथे ईनो यांचा आवाज येतो आणि चौघांची समपातळी मोडते. उरलेले तिघे क्षणात साथीदार होऊन जातात. शब्द मोजकेच आहेत, तेही या माळरानावर वाट चुकू नये असा इशारा देणारे. मात्र हे ठिकाण निरागस नाही. ४ मे १९४५ रोजी वायव्य जर्मनीतील सैन्याने माँटगोमेरी यांच्यासमोर शरणागती पत्करली ती याच माळरानावर. १९४८ मध्ये जन्मलेल्या एका इंग्रज गायकाने, १९३४ मध्ये बर्लिनला जन्मलेल्या रोएडेलियुस यांच्या साथीने हा इशारा द्यावा, यात योगायोगाचा भाग किती हे ठरवणे कठीण. श्रोत्याच्या मनात मात्र तो अर्थ उमटतो. उत्स्फूर्त रचनेत अर्थ कर्त्याच्या हेतूबाहेरूनही शिरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कर्तृत्वाचा खरा पेच त्यानंतरचा आहे. ईनो टेप घेऊन गेले. पुढील काम झाले नाही आणि टेप हरवल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. अखेर रोएडेलियुस यांनी त्या मिळवून त्यांतून नऊ रचनांचा अल्बम सिद्ध केला. वाजवले चौघांनी, पण त्यातून 'कृती' घडवली ती एकाने, तीही एकवीस वर्षांनंतर. म्हणून १९९७ च्या अल्बमला १९७६ चा निव्वळ दस्तऐवज मानणे भोळेपणाचे ठरेल. मोकळ्या वादनाला आरंभ, क्रम आणि शेवट देणे ही रचनाकाराचीच कृती आहे आणि तिचे श्रेय रोएडेलियुस यांना पुरेसे दिले जात नाही. त्या आवृत्तीवर कर्ता म्हणून 'हार्मोनिया ७६' असे नाव होते. २००९ च्या आवृत्तीवर ते 'हार्मोनिया अँड ईनो ७६' असे झाले. पाहुण्याच्या प्रसिद्धीचा विक्रीला उपयोग होतो हे उघड आहे. परंतु गटाचा पूर्वीचा 'म्यूझिक फॉन हार्मोनिया' ऐकलेल्या कोणालाही येथील ध्वनिविश्व यजमानांचे आहे, हे ओळखता येईल.

२००९ च्या आवृत्तीत रोटर यांच्याजवळच्या कॅसेटवरून तीन रचना वाढवल्या गेल्या. १९९७ चा अल्बम 'व्हामोस कॉम्पान्येरोस' या रचनेच्या यंत्रवत, खरखरीत तालाने सुरू होत होता. नव्या क्रमात आरंभी 'वेलकम' ही शांत रचना येते आणि अखेरीस 'ओबाद', म्हणजे पहाटेचे गीत. रोएडेलियुस यांच्या आवृत्तीतून श्रोता थेट कामाच्या मध्यात जाऊन पडत असे. रोटर यांच्या भरीनंतर त्याचे स्वागत होते आणि निरोपही दिला जातो. मूळ अकरा दिवस तेच होते.