पत्त्याची नोंद की हजेरी? : थायलंडमधील ९० दिवसांच्या नियमाची चिकित्सा

प्रस्तावना :
परकीय नागरिक आपल्या भूमीत कोठे राहतो, हे जाणून घेण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार सर्वमान्य आहे. वादाचा मुद्दा आहे तो या अधिकाराच्या मर्यादेचा. थायलंडमध्ये नोकरीनिमित्त अथवा निवृत्तीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परकीयांना लागू असलेल्या नियमांची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तरतुदींचे स्वरूप :
थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३७ परकीयावर, तर कलम ३८ घरमालकावर जबाबदारी टाकते. परकीय व्यक्ती राहावयास आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने तसे कळविणे बंधनकारक आहे. राहण्याचे ठिकाण बदलल्यास परकीयानेही २४ तासांत कळवावयाचे असते. याखेरीज, पत्ता बदललेला नसला तरी, दर ९० दिवसांनी त्याने आपल्या वास्तव्याची लेखी माहिती द्यावयाची असते. तो देशाबाहेर जाऊन परतल्यास दिवसांची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या नोंदीने वास्तव्याची मुदत मात्र एका दिवसानेही वाढत नाही.

विवेचन :
या तरतुदी एकत्र वाचल्यास एक विसंगती लक्षात येते. आगमन घरमालकाने कळविले, स्थलांतर परकीयाने कळविले आणि देशातून प्रस्थान सीमेवर नोंदले गेले. मग ९० दिवसांच्या नोंदीतून शासनास नवे काय कळते? ‘मी अद्याप तेथेच आहे’ एवढेच. ही पत्त्याची नोंद नसून हजेरी आहे. ज्यास दडून राहावयाचे आहे, तो अर्ज भरीत नाही. भार पडतो तो नियम पाळणाऱ्यावरच. ऑनलाइन सुविधेमुळे खेपा वाचतात, परंतु नियमाचे प्रयोजन त्यामुळे सिद्ध होत नाही.

सुरक्षेचे समर्थनही तपासून पाहावे लागते. थायलंडने २०२२ मध्ये धनिक व उच्चकुशल परकीयांसाठी दहा वर्षांचा विशेष व्हिसा सुरू केला. या व्हिसाधारकांना वर्षातून एकदाच नोंद करावी लागते. सुरक्षेसाठी ९० दिवसांचे अंतर अपरिहार्य असते, तर ही सवलत देता आली नसती. येथे सवलतीचा निकष जोखीम हा नसून परकीयाची उपयुक्तता हा आहे.

अन्य देशांचा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेत परकीयांना दर जानेवारीत पत्ता कळवावा लागे. ती सक्ती १९८१ मध्ये रद्द झाली. आता पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळविणे पुरते. जपानमध्ये ही मुदत १४ दिवसांची आहे. दोन्ही ठिकाणी कर्तव्य बदलाशी जोडलेले आहे.

समारोप :
भारताच्या २०२५ च्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने परकीय विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे दायित्व शिक्षणसंस्थांवरही टाकले आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या महाविद्यालयीन कार्यालयांपर्यंत येऊन पोहोचला आहे. पाहुण्याचा ठावठिकाणा विचारणे हा यजमानाचा हक्क आहे. मात्र एकदा मिळालेले उत्तर पुनःपुन्हा विचारताना त्याचे कारण सांगणे, हे त्याचे कर्तव्य होय.