टेडचे बेट आणि ताचिकावाची खोली

दूरचित्रवाणी हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले गेले. विनोदी मालिका कशा पाहाव्यात हे कोणी शिकवले नाही. रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास सोडला तर त्या पाहण्यास सवडही नसते. तेव्हा पुढील मजकूर एका हौशी प्रेक्षकाचा आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानी घ्यावे. तरीही लेखणी उचलली, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही युवकांनी मला दोन कलाकृती दाखवल्या आणि सरळ प्रश्न केला, "फादर, हे पाहणे पाप आहे का?"

पहिली होती 'फादर टेड' ही आयरिश धर्मगुरूंची विनोदी मालिका. दुसरी 'सेंट यंग मेन', म्हणजे ज्याला आजची मुले ॲनिमे म्हणतात ते जपानी पद्धतीचे कार्टून. पहिलीत धर्मगुरूंची यथेच्छ थट्टा आहे. दुसरीत खुद्द प्रभू येशू आणि गौतम बुद्ध हे विनोदाचे नायक आहेत. मात्र तिच्यात दुष्ट असे कोणीच नाही. पहिलीने फादर संतापतील आणि दुसरी त्यांना गोड वाटेल, असा मुलांचा कयास असावा. माझे मत वेगळे पडले. ते का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

'फादर टेड' ब्रिटनमधील चॅनल ४ या वाहिनीवर १९९५ ते १९९८ या काळात दाखवली गेली. ग्रॅहम लाइनहन आणि आर्थर मॅथ्यूज या दोन आयरिश लेखकांची ही निर्मिती. भाग अवघे २५. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील क्रॅगी आयलंड या काल्पनिक बेटावर तीन धर्मगुरू राहतात. राहतात म्हणण्यापेक्षा वरिष्ठांनी त्यांना तेथे नेऊन टाकले आहे. एका मुलाच्या लूर्दच्या यात्रेसाठी जमलेला पैसा फादर टेड यांनी स्वतःच्या चैनीवर उडवलेला आहे. तरुण फादर डूगल इतके भाबडे, की देवाच्या अस्तित्वाविषयीही त्यांचा गोंधळ आहे. वृद्ध फादर जॅक यांना मद्य आणि शिव्या यांपलीकडे जग नाही. घर सांभाळणाऱ्या मिसेस डॉइल पाहुण्याने दहा वेळा नको म्हटले तरी अकराव्यांदा चहाचा आग्रह धरतात. आपल्याकडील अनेक घरे मला त्यांच्यात दिसली!

यातील एक भाग मी दोनदा पाहिला. इतरत्र बंदी असलेला एक धार्मिक विषयावरचा चित्रपट बेटावरील चित्रगृहात लागतो. बिशप ब्रेनन निषेधाची आज्ञा देतात. टेड आणि डूगल फलक घेऊन दाराशी उभे राहतात. फलकांवरील भाषा इतकी गुळमुळीत, की विरोध नेमका कशाला आहे हेच वाचणाऱ्याला कळू नये. परिणाम असा होतो, की ज्यांना चित्रपटाचे नावही ठाऊक नव्हते तेही तिकिटासाठी धाव घेतात.

मी मनसोक्त हसलो आणि मग माझे हसू ओसरले. २००६ साली 'द दा विंची कोड' या चित्रपटाविरुद्ध मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शने केली, तेव्हा मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. मूळ कादंबरी मी वाचली नव्हती, चित्रपटही पाहिला नव्हता. तरी रविवारच्या प्रवचनात मी त्याविरुद्ध वीस मिनिटे बोललो. पुढच्या आठवड्यात कळले, की आमच्या युवकांचा एक मोठा गट ते प्रवचन ऐकूनच चित्रपट पाहायला गेला होता. जो विनोद आपल्याला आपलेच मुसळ दाखवतो, त्याला निंदा कसे म्हणावे?

त्याच भागात एक कडू सत्यही आहे. निषेधाचा हुकूम सोडणाऱ्या बिशपांना स्वतःचा एक मुलगा असल्याचे उघडकीस येते. हे निव्वळ कल्पनाचापल्य नव्हते. गॉल्वेचे बिशप एमन केसी यांना मुलगा असल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले होते आणि त्यांना पद सोडावे लागले होते. पुढे २००९ साली रायन आणि मर्फी या दोन चौकशी अहवालांनी त्याहून कितीतरी भीषण गोष्टी जगासमोर आणल्या: धर्मसंस्थांच्या आश्रमांतील आणि डब्लिन महाधर्मप्रांतातील मुलांवरचे अत्याचार, आणि ते झाकण्यासाठी झालेली धडपड. विनोद त्या दुःखापर्यंत पोहोचत नाही. त्याने पोहोचूही नये. परंतु माझ्या मनात एक विचार घर करून राहिला आहे. ज्या समाजात धर्मगुरूवर हसण्याची मोकळीक असते, त्या समाजातील पीडित मुलाला तक्रार करण्याचे धैर्यही कदाचित लवकर येते. जेथे हसणे हे पाप ठरते, तेथे बोलणे हे महापाप ठरते.

आणि तरी ही मालिका निर्दय नाही. लूर्दच्या पैशाचा विषय निघाला की टेड प्रत्येक वेळी तीच लंगडी सबब पुढे करतात. ते पैसे म्हणे त्यांच्या खात्यात फक्त विसावले होते. प्रेक्षक हसतो, कारण खरे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पापनिवेदनाच्या चौकटीत बसणाऱ्या मला ही सबब चांगलीच परिचयाची आहे. माझ्या स्वतःच्या तोंडूनही ती निघालेली आहे. शेवटच्या भागात टेडना अमेरिकेतील धर्मग्रामाचे आमंत्रण येते, पण ते घाबरून माघारी फिरतात आणि पुन्हा त्याच डूगल व जॅक यांच्यात येऊन बसतात. त्यांना आणणारा सद्गुण नव्हे, भीती आहे. पण परतून आलेल्याला घरात जागा आहे. टेडची भूमिका करणारे डर्मॉट मॉर्गन हे चित्रीकरण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराने निवर्तले. हे कळल्यापासून तो भाग पाहताना मन गलबलते.

आता दुसरी कलाकृती. हिकारु नाकामुरा या लेखिकेची 'सेंट यंग मेन' ही चित्रकथा जपानमध्ये २००६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. २००९ साली तिला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांपैकी एक मिळाला. नोरिको ताकाओ यांच्या दिग्दर्शनाखाली २०१३ साली तिच्यावर ॲनिमे चित्रपट आला. कल्पना अशी: येशू आणि बुद्ध सुट्टीसाठी पृथ्वीवर येतात आणि टोकियोजवळच्या ताचिकावा या भागात एक लहानशी खोली भाड्याने घेतात. बुद्ध काटकसरी, येशू उधळे. बुद्धाच्या मनात सद्भाव दाटला की त्यांच्या भोवती प्रकाश पडतो आणि लोक चमकतात. येशूंना आनंद झाला की काटेरी मुकुटावर गुलाब उमलतात.

हे पाहून मला राग आला नाही. जपानमध्ये ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का. तेथील एका चित्रकर्तीला येशू हा शेजारच्या खोलीत राहावा असा सुस्वभावी माणूस वाटतो, ही गोष्ट लहान नाही. महिनाअखेरीस पैशांची ओढाताण करणारा येशू पाहताना मला नाझरेथ आठवले. तेथील सुमारे तीस वर्षांच्या अबोल संसाराविषयी आपण प्रवचनांत किती थोडे बोलतो!

परंतु नाझरेथनंतर यरुशलेम येते, आणि हा ॲनिमे तेथे जातच नाही. काट्यांना गुलाब फुटतात, पण काटे टोचत नाहीत. येशूला येथे कोणाला क्षमा करावी लागत नाही, कारण कोणी अपराधीच नाही. तो कोणाला अडचणीत टाकत नाही, कोणाला आपल्यामागे बोलावत नाही. बुद्धाचेही तेच. जरामरण पाहून घर सोडणारा तो राजपुत्र येथे वाणसामानाच्या सवलतीत रमतो. आपल्या महाराष्ट्रात हे विशेष जाणवावे. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह ज्या बुद्धाला शरण जाण्याचे ठरवले, तो माणसाला उभे करणारा बुद्ध होता. आपल्या बौद्ध शेजाऱ्याला ही थट्टा ताचिकावातल्याइतकी सौम्य वाटेल असे गृहीत धरू नये. स्वतःच्या देवाविषयीचा विनोद आपण सोसला, म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेवर हसण्याचा परवाना मिळत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना भेट दिली. आपण जिवलगांची थट्टा करतो तसे देवाविषयीही हसता येते, अशा आशयाचे ते तेथे बोलले. श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरिबांच्या, भावना न दुखावता, ही मर्यादाही त्यांनी सांगितली. या कसोटीवर दोन्ही कलाकृती उतरतात असे मला वाटते. पण जिवलगाच्या थट्टेत त्याची खरी ओळख असते. जपानी लेखिका येशूवर माया करते, तरी त्याला पुरते ओळखत नाही. टेडचे लेखक ख्रिस्तसभेवर आसूड ओढतात, पण तिचे घर त्यांना आतून ठाऊक आहे. तिचे पाप, तिची लाज आणि परतून आलेल्याला मिळणारी जागा, सारे ते ओळखतात. आपल्या तुकोबांनी भोंदू साधूंवर कोरडे ओढले, ते विठ्ठलाशी वैर होते म्हणून नव्हे.

युवकांना मी उत्तर दिले ते असे: पाहा, पण 'फादर टेड' पाहताना आमच्यावर, म्हणजे तुमच्या धर्मगुरूंवर, हसा आणि जे चुकते ते आम्हाला तोंडावर सांगा. 'सेंट यंग मेन' पाहून झाल्यावर मात्र शुभवर्तमान उघडा आणि त्या येशूची उरलेली गोष्ट वाचा. त्यावर त्यांच्यातील एक मुलगी म्हणाली, "फादर, मग तुमच्या वीस मिनिटांच्या प्रवचनांविषयी आजच सांगू का?" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या रविवारी प्रवचन नऊ मिनिटांत संपवले.