निवडचाचणीतील एकभाषित : श्रोत्याचा प्रश्न

नटाच्या निवडीसाठी स्वतंत्रपणे लिहिलेले दोन-तीन मिनिटांचे एकभाषित हा लेखनप्रकार टीकेच्या कक्षेत क्वचितच येतो. ज्याच्या मागे नाटक नाही आणि पुढे प्रयोग नाही, अशा भाषणास वाङ्मयीन निकष लावावेत तरी कसे, अशी शंका त्यामागे असावी. ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि या लेखनाच्या बळावर दरवर्षी अनेक तरुणांची निवड होते वा ती नाकारली जाते. म्हणून त्याचे परीक्षण होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत टिपणात हे परीक्षण मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचे योजिले आहे.

एकट्या नटाने बोलावे ही कल्पना आपणांस नवी नाही. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या दहा रूपकांपैकी 'भाण' हा एकाच पात्राने करावयाचा प्रकार आहे. रंगभूमीवरील विट अदृश्य व्यक्तींशी बोलतो. त्यांचे बोलणे प्रेक्षकांस ऐकू येत नाही, म्हणून 'काय म्हणतोस?' असे विचारून तो त्यांचे शब्द स्वतःच उच्चारतो आणि मग त्यांस उत्तर देतो. या संकेतास 'आकाशभाषित' म्हणतात. १९२२ मध्ये 'चतुर्भाणी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या चार भाणांत त्याचा मुबलक वापर आढळतो. 'स्वगत' हा याहून निराळा संकेत होय. स्वगतात पात्र आपल्या मनाशी बोलते, तर आकाशभाषितात ते दुसऱ्याशी बोलते. फक्त तो दुसरा दिसत नाही. हा भेद वरकरणी तांत्रिक वाटेल. परंतु आजच्या निवडचाचणीतील लेखनाचे गुणदोष त्याच्याच आधारे उलगडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम प्रसिद्ध नाटकांतील उताऱ्यांचा विचार करू. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या तेंडुलकरांच्या नाटकातील बेणारेचे अखेरचे भाषण उमेदवार आवडीने निवडतात. न्यायालयाने तिला बोलण्यासाठी दहा सेकंद दिलेले असतात. त्या दहा सेकंदांच्या पोटात ते दीर्घ भाषण येते आणि भोवतीची पात्रे त्या वेळी निश्चल असतात. म्हणजे ती बोलते ते ऐकणारे समोर आहेत, पण ऐकत नाहीत. या विसंगतीतच त्या भाषणाचे नाट्य आहे. रिकाम्या खोलीत ते म्हटले की गोठलेले न्यायालय नाहीसे होते आणि उरते ती केवळ व्यथा. 'नटसम्राट' (१९७०) मधील बेलवलकरांच्या भाषणांची अडचण वेगळी आहे. विशीतील तरुण ती म्हणू लागला की परीक्षकांच्या कानांत श्रीराम लागूंचा आवाज आधीच घुमू लागतो, आणि तुलना टळत नाही. यास्तव नव्या, कोणी न ऐकलेल्या भाषणाची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो ते कसे लिहावे याचा.

अशी भाषणे वाचताना आणि ऐकताना जो दोष वारंवार जाणवतो, तो श्रोत्याच्या अभावाचा. पात्र आपल्या बालपणाची, अपमानाची, वियोगाची हकीकत सांगते. परंतु ती कोणाला आणि आत्ताच का सांगते, हे कळत नाही. मग अखेरच्या चार ओळींत आक्रोश येतो. ही ना स्वगत, ना आकाशभाषित, अशी मधली अवस्था होय. इंग्रजी नमुन्यांवरून लिहिताना हा दोष बळावतो. कारण इंग्रजीत 'यू' हे एकच सर्वनाम आई, साहेब, प्रियकर आणि शत्रू या सर्वांना पुरते. मराठीस ते पुरत नाही. 'आलास', 'आलीस' आणि 'आलात' या तीन रूपांपैकी एक उच्चारताच समोरच्या व्यक्तीचे लिंग वा तिच्याविषयीचा आदर निश्चित होतो. म्हणजेच जो श्रोता इंग्रजी लेखकास वर्णनाने उभा करावा लागतो, तो मराठी लेखकास क्रियापदाच्या प्रत्ययातच मिळतो. 'अहो, ऐकलंत का?' असे म्हणत आलेली पत्नी भाषणाच्या मध्यावर 'ऐकतोयस ना?' म्हणाली, तर एवढ्या एका बदलात संसाराचा इतिहास येतो. त्यासाठी आक्रोशाची आवश्यकता नाही.

वक्त्याच्या बाबतीतही हेच. कित्येक परकीय संग्रहांत भाषणाच्या माथ्यावर 'स्त्री वा पुरुष, कोणीही' अशी सूचना असते. मराठीत ती सहजासहजी पाळता येत नाही, कारण 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत निवड करावीच लागते. परंतु सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते, आणि वक्त्याचे लिंग झाकले जाते. 'मी दार उघडलं. दिवा लावला. पत्र वाचलं. आणि तिथेच खाली बसले.' या चार वाक्यांत बोलणारी स्त्री आहे हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. हे व्याकरण आहे आणि नाट्यही आहे. 'आपण घर विकलं' आणि 'आम्ही घर विकलं' यांतील अंतरही असेच. पहिल्यात श्रोता सहभागी आहे, दुसऱ्यात त्याला दाराबाहेर ठेवले आहे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तो म्हणजे 'म्हणे'. 'तो म्हणे आजारी होता' या वाक्यात दुसऱ्याचे बोलणे आहे आणि त्यावरचा बोलणाऱ्याचा अविश्वासही आहे. आकाशभाषिताचे हे आपल्या घरगुती बोलीतील रूप होय. नटाला एका शब्दात दोन माणसे उभी करावयास मिळतात. मोठ्या भावनोद्रेकापेक्षा अशा ठिकाणी त्याची परीक्षा अधिक कसून होते.

येथे कोणी म्हणेल की, भाषेची ही कारागिरी साधली तरी अभिनय साधेलच असे नाही. हे मान्य आहे. भाषण नटाला घडवीत नाही. ते त्याला करावयास काम देते. ज्या भाषणात श्रोता नाही, त्यात नटाला फक्त दुःख दाखवावे लागते. ज्यात श्रोता आहे, त्यात त्याला कोणाकडून तरी काही मिळवावयाचे असते, आणि दुसऱ्या प्रकारातच त्याची योग्यता पारखता येते.

या विवेचनास एका प्रसंगाची पार्श्वभूमी आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवडसमितीत प्रस्तुत लेखक होता. कोल्हापूरकडील एका विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेले भाषण सादर केले. घर सोडून गेलेल्या थोरल्या भावाशी ती बोलत होती, आणि तो भाऊ आम्हां सर्वांस दिसत होता. भाषणात ती 'मी आलो', 'मी बसलो' असे म्हणाली. त्या भागातील कित्येक स्त्रियांच्या बोलण्यात ही रूपे स्वाभाविक आहेत, हे भाषाविज्ञानाच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. समितीतील एका सदस्याने 'लिंगदोष' अशी नोंद केली. प्रस्तुत लेखक काही बोलला नाही. तिची निवड झाली नाही. तीच नोंद निर्णायक ठरली की नाही हे सांगणे कठीण. परंतु ज्याला बोलता आले असते त्याने मौन पाळले, एवढे निश्चित. वर्गात ज्या रूपास आपण बोलीचे वैशिष्ट्य म्हणतो, त्यास परीक्षकाच्या आसनावरून दोष म्हणणे ही केवळ विसंगती नव्हे. तो अन्याय आहे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, अशा भाषणांचे संग्रह करताना वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी, मालवणी इत्यादी बोलींतील लेखनास त्या त्या बोलीच्या व्याकरणानुसारच स्थान द्यावे. त्याचे 'शुद्धीकरण' करू नये. दोन, परीक्षकांनी गुणपत्रिकेत उच्चारशुद्धीच्या आधी एक प्रश्न लिहून ठेवावा : समोर कोण आहे, हे ऐकताना कळले काय? त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. तो आमच्या गुणपत्रिकेत नव्हता.