एका न्हाव्यावरून सत्तर हजार माणसं

संशोधनात यायची तयारी करताय, तर एक सवय आत्तापासूनच लावून घ्या. दावा दिसला की विचारायचं, हा कशावर उभा आहे? फक्त पेपर वाचतानाच नाही, गोष्ट वाचतानासुद्धा. आज ही सवय एका कथासंग्रहावर वापरून बघू.

विल्यम सरोयन १९०८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी एका आर्मेनियन स्थलांतरित कुटुंबात जन्मला. 'द डेअरिंग यंग मॅन ऑन द फ्लाइंग ट्रॅपीझ' हा त्याचा पहिला संग्रह १९३४ मध्ये आला. तेव्हा तो होता सव्वीस वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे पीएचडीला नाव घालायचं वय. अमेरिकेत महामंदी चालू होती.

यातली 'सेव्हंटी थाउजंड असीरियन्स' आधी वाचा. निवेदक सॅन फ्रान्सिस्कोत स्वस्तात केस कापून घ्यायला न्हावीकाम शिकवणाऱ्या कॉलेजात जातो. केस कापणारा थिओडोर बदाल असीरियन निघतो. जगात आपले सत्तर हजारच उरलेत, असं तो सांगतो. कथेतला काळ १९३३चा. त्याच वर्षी इराकमध्ये सिमेलेला असीरियनांची कत्तल झाली होती. आर्मेनियन निवेदकाच्या मागे १९१५चा नरसंहार आहे. दोघंही मायदेशापासून लांब, आणि मध्ये फक्त एक कात्री. बदाल तक्रार करत नाही. तो दमलाय, एवढंच. कथेचा खरा डेटा हा आहे, आणि तो अस्सल आहे.

पण सरोयनला तेवढ्यावर थांबवत नाही. शेवटी तो या एका माणसाला अख्खी जमात करतो, मग अख्खी मानवजात. पेपरच्या भाषेत सांगायचं तर निरीक्षणं एका माणसाची आणि चर्चा साऱ्या जगाची. ते वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण बदालच्या दमलेल्या बोलण्यातून जे आपल्यापर्यंत आधीच पोचलं होतं, तेच लेखक पुन्हा मोठ्या आवाजात सांगतो. संग्रहात हे बऱ्याचदा होतं. काही कथा तर नुसत्या भाषणासारख्या वाटतात.

आता 'अ कोल्ड डे' बघा. थंडीत लेखकाची बोटं टाइपरायटरवर चालत नाहीत. ऊब हवी म्हणून तो पुस्तकं जाळायला काढतो, पण निरुपयोगी पुस्तकसुद्धा त्याच्याच्याने जाळवत नाही. दावा जवळजवळ तेवढाच मोठा: माणसाला जगायला भाकरीशिवायही काही लागतं. पण इथे गार पडलेली बोटं आणि न पेटवलेलं पुस्तक तो दावा पेलतात. शीर्षककथेतही तसंच. उपाशी लेखकाला रस्त्यात एक पेनी सापडते, ती तो घासूनपुसून चकचकीत करतो. तिने पोट भरणार नाही, हे आपल्याला कळतं. वेगळं सांगावं लागत नाही.

मग एका माणसावरून सगळ्यांविषयी बोलायचंच नाही का? तसं नाही. एकाच रुग्णाच्या अभ्यासालाही किंमत असते, फक्त त्या एकाला इतकं नीट बघावं लागतं की पुढची उडी वाचकाने स्वतःहून मारावी. सरोयन बघतो अप्रतिम. वाचकावर विश्वास मात्र कमी ठेवतो.

या दोन कथा वाचून झाल्या की असीरियनांच्या कथेचा शेवटचा परिच्छेद झाकून ती पुन्हा वाचा. काय कमी झालं, ते लिहून काढा. नंतर हाच प्रयोग तुमच्या रिसर्च प्रपोजलच्या शेवटच्या परिच्छेदावर करा.