मेंढीकोटाच्या मुलखात नवे डाव

जगभरातल्या नव्या बैठ्या खेळांच्या याद्या चाळताना खान्देशी माणसाला हसू यावं, अशी एक गोष्ट आहे. खेळ रचणाऱ्यांचे सध्याचे सगळ्यात धीट प्रयोग चालले आहेत ते हात करण्याच्या पत्त्यांवर. म्हणजे ज्या जातीचा आपला मेंढीकोट, त्याच जातीवर. आणि मेंढीकोट जळगाव-धुळ्याला कुणी शिकवायची गरज नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीबाळींचे झोके, घरात आमरस आणि दुपार कलली की ओट्यावर पडलेला पत्त्यांचा डाव, हे इथलं ठरलेलं. डावात पैसे लागले की १८८७चा जुगारबंदीचा कायदा आडवा येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘झन्नामन्ना’ जुगारावर धाड पडल्याची बातमी छापून येते, तो भाग निराळा.

मेंढीकोट जरा जवळून बघा. चार भिडू, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे, प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन पकडल्या की डाव आपला, चारही आल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. खरी करामत हुकमात आहे. कट हुकमाच्या डावात हुकूम आधी ठरतच नाही. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. बदाम संपलेला गडी इथे घुटमळतो. आपल्याकडे इस्पिकाची पाच पानं आहेत, पण समोरच्या भिडूचं काय? विचारायची सोय नाही. मग कुणाला खोकला येतो, कुणाचा हात मिशीवर जातो, एखादं पान उगाचच जोरात आपटलं जातं. ‘खुणा करू नका रे’ ही ओरड झाली नाही तर डाव रंगला असं कुणी म्हणत नाही.

थॉमस झिंग या जर्मन रचनाकाराने नेमकी ही ओरड उचलून नियमात बसवली. त्याच्या ‘द क्रू’ला २०२० साली जर्मनीचा जाणत्या खेळाडूंसाठीचा वार्षिक पुरस्कार मिळाला. यात सगळे भिडू एकाच बाजूचे. कुणी कोणतं पान जिंकायचं हे मोहिमेत ठरलेलं, बोलायला बंदी, आणि एका मोहिमेत प्रत्येकाने फार तर एक पान उघडं ठेवून ते त्या रंगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान की एकुलतं एक, एवढंच सांगायचं. खूण अधिकृत केली, पण मोजून एक! गेल्या दशकातली याच्याइतकी नेटकी कल्पना मला तरी दिसलेली नाही. त्याच वाटेने २०२५मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागावर हात करण्याचा खेळ आला, त्यात प्रकरणागणिक कथा पुढे सरकते. या घराण्यातून पुढे जे येईल, त्याची वाट बघावी. शे-दीडशे लाकडी ठोकळे आणि तीन तासांचा हिशेब मागणाऱ्या भल्यामोठ्या खोक्यांचं मात्र मला फारसं कौतुक नाही.

गोळा करायच्या पत्त्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं, कारण पोरं तिकडेच आहेत. १९९३मध्ये रिचर्ड गारफिल्डने ‘मॅजिक’ काढला, तेव्हा प्रत्येकाचा कॅट वेगळा ही कल्पना खरोखर नवी होती. आज त्या खेळाची २०२६ची जाहीर यादी पाहिली तर निन्जा टर्टल्स, मार्व्हल, हॉबिट, स्टार ट्रेक! खेळ कमी आणि पाहुणे जास्त. पोकेमॉन यंदा तिशीत आलं. आपल्याकडे शाळेजवळच्या स्टेशनरीत लटकतात ती त्याची सोनेरी चकचकीत पानं बहुतेक नकली, आणि ती घेणाऱ्या मुलांना खेळाचे नियम माहीत नसतात. कुणाकडे कोणतं आहे एवढ्यावरच अदलाबदल. त्यापेक्षा जुनी डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं बरी होती. उंची-वजनाच्या आकड्यांवर का होईना, डाव तरी पडायचा.

देशी प्रयत्नांत मुंबईच्या झैन मेमनचा ‘शासन’ दमदार आहे. प्रश्नांची उत्तरं देऊन मतदार खेचायचे, असा निवडणुकीचा खेळ २०१९मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर रात्ररात्र बोलणाऱ्या आपल्या गावांना तो मानवलाच असता. पण सगळा मजकूर इंग्रजी आणि किंमत हजारांत. उलट टोकाला सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, एकशेवीस गोल पानं, दिवसा रामाची उतारी आणि रात्री कृष्णाची. २०२४मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. तरी तो घेणारे बहुतेक जण चौकटीत लावतात. खेळाच्या पानांना घामाचे हात लागले नाहीत तर ती चित्रंच उरतात.

खान्देशात बैठक नाही असं म्हणायची सोय नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने कॅरमचा संघ पोसला. अकरा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा २०२५च्या ऑगस्टमध्ये जळगावातच भरली. पण पत्त्यांना हा मान नाही. रमी कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्येच म्हटलं, तरी घरातल्या म्हाताऱ्यांच्या लेखी पत्ते ते पत्तेच. २०२५च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्याने मोबाइलवरची पैशांची रमी बंद केली आणि सप्टेंबरात पत्ते, कॅरम, लुडो यांच्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. मोकळे झालेले हात आणि थोडं स्वस्त झालेलं पान, दोन्ही एकदमच आलं म्हणायचं.

म्हणून एखादा प्रकाशक विचारायला आलाच तर त्याला सांगावं, की आमच्यासाठी खोकं लहान ठेव, पानावर शब्द नको, चार जणांत जोड्या लागू देत आणि मागे उभं राहून सल्ले देणाऱ्यालाही मजा येऊ दे. ‘द क्रू’ यातल्या बऱ्याच कसोट्यांना उतरतो. त्याच्या पन्नास मोहिमांची पुस्तिका कुणी मराठीत, जमलं तर अहिराणीत उतरवली, तर यावल-शिरपूरकडच्या ओट्यांना शेवटच्या मोहिमेपर्यंत पोचायला फार दिवस लागणार नाहीत. खोकला आवरायचा कसा, एवढीच काय ती पंचाईत.