सारथ्याविना रथ : एका अपघात-अहवालाचें परीक्षण

सरकारी अहवाल हा कांहीं वाङ्मयाचा प्रकार नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि बहुतेक अहवालांची भाषा पाहतां ती चुकीची आहे असेंही म्हणवत नाहीं. तथापि एखादा अहवाल असा निघतो कीं, त्याच्या नीरस कोष्टकांतून आपल्या काळचा एक मोठा प्रश्न स्पष्ट दिसूं लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें ॲरिझोना संस्थानांतील टेंपी शहरीं झालेल्या अपघाताविषयीं नोव्हेंबर २०१९ मध्यें दिलेला निर्णय व त्यावरील अहवाल ह्या प्रकारांत मोडतो. विनाचालक मोटारी सार्वजनिक रस्त्यांवर सुरक्षित ठरतील काय, ह्याविषयीं एकीकडे कंपन्यांचीं स्तुतिस्तोत्रें व दुसरीकडे विरोधकांचे आक्रोश पुष्कळ कानीं येतात. इतकें शांत व साधार लिखाण मात्र क्वचितच हातीं लागतें. म्हणूनच त्याचे गुण सांगून त्यांतील एक उणीव दाखविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हकीकत थोडक्यांत अशी. ता. १८ मार्च २०१८ रोजीं रात्रीं दहाच्या सुमारास एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हातांत धरून पायीं रस्ता ओलांडीत होती. त्याच रस्त्यानें उबर कंपनीची एक प्रायोगिक व्होल्व्हो गाडी येत होती. गाडी हांकीत होती संगणक-प्रणाली; देखरेखीसाठीं चालकाच्या आसनावर एक कर्मचारी बसलेली होती, परंतु तिचें लक्ष मोबाइलवरील कार्यक्रमाकडे लागलें होतें. ताशीं सुमारें ३९ मैल वेगानें धक्का बसला, व ती स्त्री मरण पावली.

एवढेंच वाचून कोणीही म्हणेल, यंत्र आंधळें व रखवालदार बेसावध! पण अहवालाचें खरें मोल येथूनच सुरू होतें. यंत्र आंधळें नव्हतें. धक्क्यापूर्वीं ५.६ सेकंद त्यास ती स्त्री दिसली होती. एवढा अवधि गाडी थांबविण्यास पुरेसा होता. परंतु यंत्रानें तिला प्रथम ‘वाहन’ मानलें, मग ‘अन्य वस्तु’, पुन्हां वाहन, मग सायकल, पुन्हां अन्य वस्तु, अखेर पुन्हां सायकल. प्रत्येक नव्या नांवासरशी तिच्या चालीचा पूर्वेतिहास पुसला जाई, आणि ती कोणीकडे चालली आहे ह्याचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागे. ‘माणूस’ हें नांव तिला शेवटपर्यंत मिळालें नाहीं. कां? तर आंखलेल्या पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडील, हा विचारच त्या प्रणालीच्या रचनेंत समाविष्ट केलेला नव्हता.

हें वाक्य अहवालांत अगदीं निर्विकारपणें येतें. आम्हांस तें सबंध अहवालाचें हृदय वाटतें. दृष्टि होती, व्याख्या नव्हती. आणि व्याख्या करणें हें यंत्राचें नव्हे, माणसाचें काम आहे. पट्ट्यांबाहेर चालणारास हिणविणारा एक शब्दच अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झाला, व मोटारींच्या कैवाऱ्यांनीं तो नेटानें पसरविला. रस्ता आधीं गाडीचा, मग माणसाचा, ही त्या शब्दामागील समजूत शंभर वर्षांनीं संगणकाच्या पोटांत जाऊन बसली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढील तपशीलही असाच बोलका आहे. धोका ध्यानांत आल्यावर उगाच ब्रेक लागूं नयेत म्हणून प्रणालीनें एक सेकंद कांहींच करावयाचें नाहीं, अशी योजना होती. व्होल्व्होची स्वतःची आपत्कालीन ब्रेक-यंत्रणा ह्या प्रणालीचा अंमल चालू असतांना बंद ठेवलेली असे. पूर्वीं गाडींत दोन कर्मचारी असत. अपघाताच्या सुमारें पांच महिने आधीं एक कमी करण्यांत आला होता. उरलेल्या एकट्या माणसानें तासन् तास कांहीं न करतां केवळ जागरूक राहावें, ही अपेक्षा मनुष्यस्वभाव जाणणारास हास्यास्पद वाटेल. आणि तो जागरूक आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन कंपनीपाशीं असूनही त्याचा उपयोग क्वचितच होई.

आतां आमचा आक्षेप. इतकें सर्व उकलून दाखविल्यावर मंडळानें अपघाताचें संभाव्य कारण म्हणून पहिलें स्थान दिलें तें त्या कर्मचारिणीच्या दुर्लक्षास. कंपनीची अपुरी सुरक्षा-व्यवस्था व संस्थान-सरकारची ढिली देखरेख ह्यांस साहाय्यक कारणें म्हणून मागची रांग मिळाली. अहवालाच्या पोटांत जो न्याय आहे, तो त्याच्या मुखांत नाहीं! मंडळास शिक्षा देण्याचा अधिकार नसतो हें खरें. पण न्यायखात्याचाही क्रम निराळा झाला नाहीं. २०१९ मध्यें सरकारी वकिलांनीं कंपनीवर फौजदारी दायित्वाचा आधार दिसत नसल्याचें सांगितलें; २०२० मध्यें खटला झाला तो कर्मचारिणीवर, आणि २०२३ मध्यें गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु आसनावर कोणीच नसेल तेव्हां पहिलें स्थान कोणास देणार?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २०२० पासून फीनिक्स शहरीं वेमो कंपनीच्या गाड्या चालकावांचून सर्वसाधारण उतारू नेत आहेत. सॅन फ्रॅन्सिस्को येथें २ ऑक्टोबर २०२३ रोजीं दुसऱ्या मोटारीचा धक्का लागून एक स्त्री क्रूझ कंपनीच्या रिकाम्या गाडीपुढें येऊन पडली. गाडी थांबली, पण धक्का बाजूनें बसला असा चुकीचा अर्थ लावून ती कडेस जाऊं लागली, आणि खालीं अडकलेल्या त्या स्त्रीस सुमारें वीस फूट फरफटत घेऊन गेली. येथेंही उणें पडलें तें अर्थ लावण्याचें काम.

प्रतिपक्षाचें म्हणणें दुबळें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें रस्त्यांवर वर्षाकाठीं सुमारें ११ लाख ९० हजार माणसें मरतात. यंत्र मद्य पीत नाहीं, पेंगत नाहीं, चिडत नाहीं. यंत्रानें हा आंकडा उतरला तर त्याचें स्वागत न करणारा निर्दय म्हणावा लागेल. परंतु सरासरी उतरली म्हणजे जबाबदारी संपली, हें तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाहीं. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानें ह्या बाबतींत योग्य पाऊल टाकलें आहे: काळजीपूर्वक व कुशल माणूस चालवील तितकी सुरक्षितता गाडीनें दिली पाहिजे, आणि ती स्वतः चालत असतांना तिच्या चालण्याचें उत्तर तिच्यामागील संस्थेनें दिलें पाहिजे, असें त्याचें धोरण आहे.

आमच्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पट्ट्यांबाहेर चालणें हा अपवाद नसून नियम आहे. तेव्हां अशीं वाहनें येथें येवोत वा न येवोत, हा अहवाल आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावा. मात्र त्याचा निकाल वाचून थांबूं नये. सारथी गेला तरी रथ कोणाच्या तरी आज्ञेनेंच चालतो. ती आज्ञा देणारास नांवानें विचारण्याचा अधिकार पायीं चालणारानें सोडतां कामा नये.