‘स्मृतिचित्रे’तले भांडण

आमच्या जिल्ह्यात हल्ली ‘नगर’ हा शब्द फार सोयीचा झाला आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तेव्हापासून पूर्ण नाव उच्चारले की ऐकणारा आपली बाजू ताडू लागतो. म्हणून लग्नात, एसटीत, पारावर बरेच जण ‘नगर’ म्हणून मोकळे होतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर ‘धर्म आणि राजकारण नको’ हा नियमच असतो.

याच नगरात १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. मिशनऱ्यांचे हे पत्र हिंदू धर्मावर उघड टीका करी आणि त्याला उघड उत्तरेही मिळत. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. पण वाद संपला की दोन्ही पक्ष आपापल्या घरी जात. एकाच घरात दोन धर्म आले तर बोलायचे कसे, हा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त उभा राहतो.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंची त्याला संमती नव्हती. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मग स्वतःचा धर्म न सोडता, सोवळे सांभाळत पुन्हा नवऱ्याबरोबर राहू लागल्या. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या वेगाने केला आणि पुढे स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या पुस्तकाचे कौतुक बहुधा साधी भाषा आणि विनोद यांसाठी होते. मला हे कौतुक अपुरे वाटते. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या लहरीपणाला हसतात, तशाच स्वतःच्या सोवळ्यालाही हसतात. दोघांनाही हसता येते म्हणून मतभेद लपवावा लागत नाही. विनोद इथे भांडणाला बसायला जागा करून देतो.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टिळकांचा निर्णय आधी झाला, बोलणे नंतर आले. आणि त्याची किंमत बायकोने अधिक मोजली. शिवाय १९३४ पासून हे पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले, तोवर टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती आणि लेखिका केव्हाच ख्रिस्ती झाल्या होत्या. दुखावलेल्या नातलगांची बाजू आपल्याला त्यांच्याच तोंडून कळते.

तरीही मला ते आजच्या नियमापेक्षा मोलाचे वाटते. आपण नाते टिकवायचे म्हणून विषय टाळतो, आणि हळूहळू एकमेकांना ओळखेनासे होतो. लक्ष्मीबाईंनी विषयही सोडला नाही आणि माणूसही. वेळ मात्र लागला, वर्षे लागली. ‘नगर’ म्हणून सुटका करून घेणाऱ्या आपल्याला तेवढा वेळ एकमेकांना द्यायचा आहे का?